जबड्यातलं हाड

लतिकाबाई मोंडकरांनी तो दात कुणाला न सांगता काढून टाकला, तिथून सगळं सुरू झालं.

दिवस मसाल्याचे होते. मार्च लागला की लालबागच्या मसाला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. बायका मिरच्या निवडून घेतात, तिथंच भाजून आणि कांडून घेऊन जातात. त्या गल्लीतल्या एका दुकानात लतिकाबाई सव्वीस वर्षं भाजायला होत्या. धणे कुठवर भाजायचे, दगडफूल कधी टाकायचं, बेडगीचा रंग न उडवता कच्चेपणा कसा घालवायचा, हे सगळं त्या नाकावर ठरवत. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या हिरडीत कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं, मग तेहतीस दिवस रेडिएशन. त्यात तोंडातली लाळ आटली, जिभेची चव गेली, ती परत आली नाही. नाक तेवढं शाबूत राहिलं. स्वतः भाजलेला मसाला त्यांना अकरा वर्षांत चाखता आला नव्हता, तरी गिऱ्हाइकं विचारत येत, "भाजायला मोंडकर मावशी आहेत ना? मग थांबतो."

अशा गर्दीच्या दिवसांत डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. तीन दिवस लवंग धरून काढले. चौथ्या दिवशी दुकानातून दोन तासांची सुट्टी घेऊन त्या घोडपदेवच्या नाक्यावर, आपल्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या दातांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या मुलीनं कागद पुढे ओढून विचारलं, "बीपी? शुगर? आधी काही मोठं आजारपण?"

"काय नाय," लतिकाबाई म्हणाल्या.

त्या विसरल्या नव्हत्या. रेडिएशन संपलं त्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात एक पिवळं कार्ड त्यांच्या हातात दिलं होतं. आम्हाला विचारल्याशिवाय दात काढू नका, असं त्यावर मराठीत छापलेलं होतं. ते कार्ड कपाटात साड्यांच्या घडीखाली होतं. पण परळला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडणार. शिवाय तो शब्द उच्चारला की समोरच्याचा चेहरा कसा होतो ते त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. अकरा वर्षं झाली, आता कसला आलाय कॅन्सर, असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. ते पुरतं उघडतही नव्हतं, दोन बोटं जेमतेम. डॉक्टरनं कसाबसा चिमटा घातला आणि दाढ काढली.

जखम भरली नाही.

आठवड्यानं भरेल, पंधरा दिवसांनी भरेल, म्हणत महिना गेला. जीभ तिकडे गेली की काहीतरी खरखरीत लागायचं. मुळाचा तुकडा राहिला असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. एका सकाळी मोबाइलची बॅटरी लावून त्यांनी आरशात पाहिलं. लाल हिरडीच्या मधोमध पिवळट पांढरं काहीतरी उघडं पडलं होतं. बोटानं दाबलं तर दुखलं नाही. दुखायला हवं तिथं दुखत नाही, ह्याचीच त्यांना भीती वाटली.

पण ती भीती काहीच नव्हे. दोन दिवसांनी दुकानात धणे भाजता भाजता त्यांना एक वास आला. त्यांनी कढई खाली घेतली, पोत्यात हात घालून धणे हुंगले, फडका हुंगला. वास कशालाच नव्हता. वास त्यांच्या स्वतःच्या तोंडातून येत होता. आणि तो त्यांच्या ओळखीचा होता. पंधरा वर्षांपूर्वी घरातल्या एका कोपऱ्यातून तो यायचा, जिथं त्यांची जाऊ रखमा खाटेवर पडून होती.

रखमा म्हणजे धाकट्या दिराची, रामदासची बायको. पंच्याऐंशी साली देवगडकडून लग्न होऊन घोडपदेवच्या खोलीत आली तेव्हा अठरा वर्षांची होती. दहा बाय बाराच्या खोलीत दोन भाऊ, दोन जावा. शामराव, म्हणजे लतिकाबाईंचे यजमान, गिरणीत गेटवर होते, रामदास गोदीत. रखमा पहिले आठ दिवस रडत होती. माहेर आठवत होतं, आणि त्यात दात धरला होता. सातव्या की आठव्या सकाळी लतिकाबाईंनी तिला गॅलरीत बोलावलं. लतिकाबाई मशेरी चांगली भाजत. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तो भाजायची, हातानं चुरायची. त्यांच्या हातची मशेरी सगळ्या मजल्यावर जायची. त्यांनी डबी उघडली, चिमूटभर काढून रखमाच्या बोटावर ठेवली.

"घास हिरडीक. दात आवळतले. काय होवचा नाय."

रखमाला भोवळ आली, कठड्याला धरून ती खाली बसली, आणि मग हसायला लागली. मुंबईत आल्यावर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. त्यानंतर चोवीस वर्षं रोज सकाळी दोघी जावा गॅलरीत शेजारी शेजारी बसत. रखमाची डबी कधी वेगळी झाली नाही. ती हात पुढे करायची आणि म्हणायची, "वयनी, चिमूटभर." सगळ्या सुखदुःखाच्या गोष्टी त्या चिमटीवर व्हायच्या. लतिकाबाईंना मूल झालं नाही, त्याचं रडणंही तिथंच झालं. रखमाला हितेंद्र झाला तेव्हा तिनं तो लतिकाबाईंच्या मांडीवर दिला आणि म्हणाली, "दोघींचो."

दोन हजार नऊ साली रखमाच्या गालाला आतून फोड आला. परळला रेडिएशनसाठी लतिकाबाईच तिला घेऊन जात. आठ महिन्यांत सगळं संपलं. शेवटचे पंधरा दिवस तिला बोलता येत नव्हतं. गालाला भोक पडलं होतं, आवाज नाकातून पातळसा यायचा आणि शब्द जुळायचे नाहीत. तेव्हा ती एकच खूण करायची. उजव्या हाताचं पहिलं बोट उचलायची, हिरडीकडे न्यायची आणि लतिकाबाईंकडे बघायची. बघतच राहायची. मशेरी मागत होती, की हे तू दिलंस म्हणत होती, की नुसतं तोंड पुसून दे म्हणत होती? लतिकाबाई दर वेळी ओल्या कापसानं तिचं तोंड पुसत आणि दुसरीकडे पाहत. एका दुपारी बोट उचललेलं असतानाच ती गेली.

आणि लतिकाबाईंनी मशेरी सोडली नाही. हे त्यांनी कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. सुतक फिटल्यावर चौथ्या दिवशी, मोरीचं दार लावून, त्यांनी डबी उघडली. स्वतःची हिरडी सुजेपर्यंत चार वर्षं त्या दाराआड घासत राहिल्या.

आता तोच वास त्यांच्या तोंडात आला होता. त्यांना वाटलं, रखमा आली. आपल्यातच येऊन राहिली.

हितेंद्रला कळायला आणखी पंधरा दिवस गेले. तो आता चौतिशीचा होता, एसी दुरुस्तीची कामं घ्यायचा. बाप गावी मोंडला जाऊन राहिला, शामराव वारले, तेव्हापासून खोलीत तो आणि मोठी आई दोघंच. सकाळी चहा पिताना त्यानं पाहिलं, मोठी आई मान वाकडी करून उजव्या बाजूनं चहा घेतेय आणि हनुवटीखाली पदर धरून ठेवलाय.

"पदर काढ बघू."

"काय नाय रे, उष्णता झाली."

"मोठी आई, पदर काढ."

हनुवटीखाली बारीक भोक पडलं होतं आणि त्यातून पू येत होता. हितेंद्रनं फोन करून दोन कामं रद्द केली, कपाट उघडलं, साड्या उचलून फाइल शोधली, तर पिवळं कार्ड हातात आलं. ते वाचून त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. "चल," एवढंच म्हणाला.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर मेघना म्हणून होत्या, चाळिशीच्या, भरभर चालणाऱ्या पण बोलताना खुर्ची पुढे ओढून बसणाऱ्या. त्यांनी स्कॅन काढायला सांगितला, आणि कॅन्सर परत आला नाही ना ह्याची खात्री करायला तिथला एक कण तपासायला पाठवला. दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत लतिकाबाई कामावर गेल्या नाहीत. सकाळी गॅलरीत बसायच्या. समोरच्या गॅलरीतली बाई म्हणाली, काकी कुणाशी बोलता, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण बोलत होतो.

दहाव्या दिवशी डॉक्टर मेघनांनी कागद टेबलावर ठेवला. "मावशी, कॅन्सर नाही. पण जबड्याचं हाड मेलंय."

हितेंद्रनं श्वास सोडला. लतिकाबाईंनी सोडला नाही.

"मेलाहा म्हणजे?"

"सांगते. रेडिएशननं तुमची गाठ जळाली म्हणून तुम्ही आज इथं बसलायत. पण त्या किरणांच्या वाटेत चांगलं हाडही होतं. त्याला रक्त पोचवणाऱ्या केसासारख्या नसा असतात, त्या तेव्हापासून हळूहळू आक्रसत गेल्या. वर्षानुवर्षं. वरून काही कळत नाही. हाड कसंबसं तग धरून असतं. मग एखादा दात काढला जातो. जखम भरायची तर रक्त हवं, ते तिथं पोचतच नाही. मग उघडं पडलेलं हाड मरतं."

"दात काढला नसता तर?" हितेंद्रनं विचारलं.

"कदाचित तसंच राहिलं असतं. कधीकधी दात न काढताही होतं." डॉक्टरांनी कार्डाचा विषय काढला नाही. लतिकाबाईंना तेच जास्त लागलं.

उपचार लांबणारा होता. आधी तोंड धुवायची औषधं, जंतू मारायच्या गोळ्या, शिवाय बारीक नसांतून रक्त वाहतं राहावं म्हणून आणखी दोन गोळ्या. त्यांच्या जोडीला शीवच्या बाजूला एका केंद्रात जाऊन दाबाखालच्या खोलीत बसायचं, रोज दीड तास प्राणवायू घ्यायचा. अशा तीस बैठका. हाडाच्या कडेला नव्या नसा फुटायला त्यानं मदत होते. मग ऑपरेशन करून मेलेला तुकडा काढायचा. त्यानंतर पुन्हा दहा बैठका.

"त्यानं हमखास बरं होतं?" हितेंद्रनं विचारलं.

"हमखास मी म्हणणार नाही. काहींना चांगला गुण येतो, काहींना नाही, आमच्यातही त्याबद्दल एकमत नाही. पण जबडा मोडायच्या आधी हे करून बघावं असं मला वाटतं."

शीवच्या केंद्रातली ती खोली म्हणजे पांढरी, आडवी, गोल टाकी होती. तिला जाड काचेच्या लहान खिडक्या आणि जहाजाला असतं तसं दार. आत समोरासमोर सहा खुर्च्या. पेशंटबरोबर आत बसायला पुष्कर नावाचा तरुण तंत्रज्ञ असे. त्यानं पहिल्या दिवशी नियम सांगितले. केसाला तेल नाही, पावडर नाही, नायलॉनची साडी नाही, मोबाइल नाही. त्यांनी दिलेले सुती कपडे घालायचे.

"का रे बाबा?"

"आत प्राणवायू असतो आजी. बारीक ठिणगी पडली तरी भडका उडेल."

जन्मभर आगीपुढे बसलेल्या बाईनं मान डोलावली.

"दार लागलं की दाब वाढणार. साधारण पंचेचाळीस फूट पाण्याखाली गेल्यासारखं. कानात दडे बसतील, तेव्हा आवंढा गिळायचा."

"माका आवंढो येवचो नाय. तोंडात लाळच नाय."

पुष्कर जाऊन पाण्याची छोटी बाटली घेऊन आला. "घोट घोट घ्या. मी सांगेन तेव्हा."

दार लागलं. हवा फुसफुसत आत येऊ लागली, अंगाला ऊब लागली, कानात सुई टोचल्यासारखं झालं. लतिकाबाईंनी घोट घेतला, कान फट्‌ करून उघडले. समोर एक वयस्क टॅक्सीवाले होते, साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. ते पुष्करला काहीतरी म्हणाले आणि लतिकाबाई दचकल्या. माणसाचा आवाज बदलला होता. पातळ, नाकातून आल्यासारखा.

"दाबाखाली असाच येतो आवाज," पुष्कर म्हणाला, तोही तसाच पातळ. मग त्यानं त्यांच्या डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवलं, गळ्याशी बंद केलं. आता आत नुसता वाऱ्याचा सूं सूं आवाज. आणि त्या आवाजात, अगदी कानाशी, रखमा म्हणाली, "वयनी, चिमूटभर."

लतिकाबाईंनी डोळे मिटून घेतले. तेव्हापासून रोज ती येत राहिली. दार लागायचं, दाब चढायचा, टोपडं यायचं, आणि रखमा बोलायची. कधी तेच दोन शब्द. कधी नुसतं हसणं, कठड्याला धरून हसली होती तसं. लतिकाबाई तिला मनातल्या मनात म्हणायच्या, तू मागत होतीस की काय म्हणत होतीस, ता एकदा सांग. त्याचं उत्तर आलं नाही.

हितेंद्र रोज स्कूटरवरून घेऊन जायचा आणि बाहेर बाकावर बसून असायचा. सतरावी बैठक झाली त्या दिवशी तो चहा घेऊन आला. तिला कोमट करून दिला, स्वतःचा हातात धरला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्या, पू कमी झालाय. आईच्या वेळी हे असतं ना, तर..."

"तुझ्या आईक मशेरी मी दिलंय," लतिकाबाई म्हणाल्या.

त्यांनी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. मग थांबता आलं नाही. गॅलरीतली ती सकाळ, भोवळ, चोवीस वर्षं रोजची चिमूट, शेवटचं उचललेलं बोट, आणि मोरीच्या दाराआडची चार वर्षं. सगळं सांगितलं, त्याच्याकडे न बघता. समोर रिक्षा उभी होती, तिच्या चाकाकडे बघत सांगितलं.

हितेंद्रनं चहा संपवला नाही. "तिनं घेतली ते ठीक आहे," तो म्हणाला. "तेव्हा कुणाला काय माहीत होतं. पण ती गेल्यावर? तिचं तोंड तू रोज पुसत होतीस. बघितलं होतंस ना, काय होतं ते? आणि तरी तू दार लावून... म्हणजे मी तुलापण मरताना बघायला पायजे होतं?"

त्याचा आवाज चढला तशी बाकावरची माणसं वळून बघायला लागली. त्यानं तिला घरी सोडलं, जिन्यापर्यंत. वर आला नाही. मित्राकडे झोपतो असा निरोप आला.

चार दिवस तो आला नाही. लतिकाबाई एकट्या बसनं शीवला गेल्या. त्यातल्या दुसऱ्या दिवशी दाब चढला, टोपडं आलं, पण आवाज रखमाचा नव्हता. हितेंद्रचा होता, लहानपणचा, बोबडा, "मोठी आय" म्हणणारा. त्यांनी गळ्याशी बोटं घालून टोपडं ओढायला सुरुवात केली. पुष्करनं त्यांचे दोन्ही हात धरले, टोपडं काढून दिलं.

"आजी, वर घेऊ का? दार उघडायला दहा मिनिटं लागतील, पण उघडतो."

समोरचे टॅक्सीवाले स्वतःचं टोपडं तसंच ठेवून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी हात वर केला आणि तळहात खाली आणला, सावकाश, जसं गाडीला थांब म्हणतात. लतिकाबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "नको. चढव परत."

त्याच संध्याकाळी त्या लालबागला उतरल्या. दुकानात त्यांच्या जागी सीमा तांबे भाजत होती. तिशीची, अंगानं बारीक, बोलायला फटकळ. लतिकाबाईंनीच तिला हाताखाली घेतलं होतं. सीमाचं बोट मशेरीनं काळं असायचं. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं, कारण तिथल्या निम्म्या बायकांची बोटं तशीच. लतिकाबाईंनी तिला मागच्या गोणींच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "बॅटरी लाव मोबाइलची. बघ आत."

"काकी, कशाला..."

"बघ म्हणते ना."

सीमानं पाहिलं. वास आला तशी तिनं मान मागे घेतली, मग पुन्हा पुढे केली. खूप वेळ बघत राहिली. "हे पांढरं काय आहे?"

"माजा हाड."

सीमानं बॅटरी बंद केली. तिचा हात तिच्या स्वतःच्या गालाकडे गेला, उजव्या गालाकडे, आणि तिथंच राहिला. लतिकाबाईंना ते दिसलं, पण त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी हितेंद्र दारात उभा होता. दाढी वाढलेली. "मी रागावलोय," तो म्हणाला. "अजून आहे. कधी जाईल माहीत नाय. पावणेअकराला आत बसायचंय ना तुला? खाली ये, स्कूटर उभी आहे."

वाटेत राणीबागेच्या सिग्नलला त्यानं आरसा हलवून तिचा पदर चाकात जात नाही ना, ते पाहिलं.

तीस बैठका पूर्ण झाल्या. हनुवटीखालचं भोक बुजलं होतं, वास कमी झाला होता. जूनमध्ये ऑपरेशन झालं. मेलेलं हाड कडेनं आपोआप सुटत आलं होतं, त्यामुळे जबडा कापावा लागला नाही. भूल उतरल्यावर दुसऱ्या दिवशी लतिकाबाईंनी डॉक्टर मेघनांना विचारलं, "माका तो बघूक मिळात?"

"काय?"

"तुकडो."

डॉक्टरांनी तपासणीला जायच्या आधी छोटी बाटली आणून दाखवली. औषधात एक काळपट पिवळा, खडबडीत तुकडा पडला होता, फोडलेल्या सुपारीच्या खांडाएवढा. लतिकाबाईंनी बाटली उजेडाकडे धरली. इतके दिवस त्यांच्या मनात तो केवढा तरी मोठा होता, आणि रखमाचा होता. आता दिसत होतं की तो त्यांचाच होता. त्यांच्याच तोंडात उगवला होता आणि त्यांच्याच हातानं मेला होता. बाटली परत देताना त्या रडल्या. आतून टाके होते, त्यामुळे आवाज न करता रडल्या.

नंतरच्या दहा बैठकांतही रखमा आली. कमी वेळा, पण आली. लतिकाबाईंनी तिला विचारणं सोडून दिलं. दिवाळीपर्यंत हिरडी पुरती झाकली गेली. तोंड अडीच बोटं उघडायला लागलं. चव आली नाही, लाळ आली नाही, ती येणारही नव्हती. हितेंद्र घरी राहायला आला. जेवताना आता कधीकधी बोलायचा, कधीकधी मध्येच गप्प होऊन ताट घेऊन गॅलरीत जायचा. लतिकाबाई त्याला हाक मारत नसत.

सीमानं मशेरी अकरा दिवस सोडली आणि परत धरली. लपवून. लतिकाबाई अर्धा दिवस कामावर यायला लागल्या त्या पहिल्याच सकाळी त्यांना ते वासावरून कळलं. त्या ओरडल्या नाहीत. गोणींच्या खोलीत नेऊन म्हणाल्या, "आज तुजा तोंड दाखव. उजवो गाल."

सीमानं गाल बोटानं बाहेर ओढला. आत, दाढेच्या समोर, नखाएवढा पांढरा चट्टा होता, कडेला लालसर.

"कधीपासून?"

"तुम्ही हाड दाखवलंत त्याच्या आधीपासून. मी आले नाही काकी, मला भीती वाटली. घरी लहान पोर आहे."

पुढल्या मंगळवारी लतिकाबाईंना परळला तपासणीला बोलावलं होतं. त्यांनी सीमाला बरोबर घेतलं. हॉस्पिटलातल्या त्या लांब बाकावर पंधरा वर्षांपूर्वी रखमा बसायची, तिथंच जागा मिळाली. सीमा डाव्या बाजूला बसली. उजव्या बाजूला थोडी जागा रिकामी होती. लतिकाबाई त्या बाजूला सरकल्या नाहीत. गर्दीतली एक बाई येऊन बसते म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "हय कोणतरी आसा." आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं अंगावर काटा आला म्हणून त्यांनी सीमाचा हात धरला.

"काकी, हे तेच असेल का?"

"माका ठावूक नाय. डॉक्टर सांगतली."

"तुमच्या जावेचं पण असंच सुरू झालेलं?"

"होय."

समोरच्या फलकावर नंबरांचे आकडे बदलत होते. दार उघडून एक नर्स बाहेर आली आणि तिनं नाव पुकारलं, "सीमा तांबे." सीमा उठली, दोन पावलं गेली आणि वळली. चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्ही पण चला ना आत."

लतिकाबाईंनी पिशवी उचलली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि तिच्या मागोमाग आत गेल्या.